भाऊजींनी हरवलेली पाण्याची यादी

अगं पोरी, इकडे सरकून बस, आणि तो मोबाइल आधी खाली ठेव. तुझ्या काकांच्या तेरवीला आलीस ती तेवढीच, वर्षश्राद्धालाही फिरकली नाहीस. फुलचूरहून देवरीची बस धरायला एवढं जड जातं? बरं, रागावत नाही, आज मीच आले तुझ्याकडे. माझ्या धाकट्या दिराचं, आमच्या भाऊजींचं, ऐक. माणसाच्या नावापुढं काय लावावं याची त्यांच्याएवढी काळजी साऱ्या गोंदिया जिल्ह्यात कोणी करत नसेल.

कचेरीत बाबू होते. रिटायर झाले, पण सवय राहिली. लग्नपत्रिका हाती आली की आधी चष्मा, मग लाल पेन. एका लग्नात नवरदेवाच्या आजोबांच्या नावापुढं 'कै.' राहिलं म्हणून मांडवभर पत्रिका दुरुस्त करत फिरले, आणि आजोबा तिथंच पंगतीत बसलेले! म्हातारा म्हणाला, "बाबू, जिलेबी तं खाऊ दे आधी." मी एकदा थट्टेनं विचारलं, गाईला 'सौ.' का नाही लावत? तर गंभीरपणे म्हणाले, "वहिनी, तिचं लगन कुठं झालं?"

तुझे काका गावच्या तलावाच्या पाण्याची पाळी सांभाळायचे. कोणाच्या धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, कोणत्या दिवशी पाणी, सगळं एका वहीत. वहीला वाळवी लागली तेव्हा भाऊजींनी जुना कॉम्प्युटर आणला. काका सांगत गेले, भाऊजी टाइप करत गेले. मला समजावलं, "दोन फायली हायेत वहिनी. एक ओसरी, एक धान साठवाची ढोली. पाहाचं ओसरीत, पण माल ढोलीतूनच येते." ढोलीची फाइल ज्या फोल्डरात ठेवली, त्याला थोरल्या भावाचं नाव दिलं, 'दादा'.

यंदा पाऊस लवकर गेला. धान निसवायला आलेलं आणि तलावात पाणी जेमतेम. गेट उघडायच्या दिवशी सकाळी आमच्या अंगणात पंधरा-वीस जण उभे. वरच्या बांधीवाले म्हणत, पहिले आमचं. खालचे म्हणत, मग आमचं धान जळू द्यायचं काय? एकानं तर फावडं खांद्यावरून खाली घेतलं. आत भाऊजींनी यादी उघडली. ओसरी उघडली, पण आत काहीच नाही. ढोली सापडत नाही, पत्ता तपासा, असं मशीन इंग्रजीत सांगत होतं. भाऊजींनी ते बंद करून चालू केलं, वायरी उपसून पुसल्या, उदबत्ती लावली, मग ओरडले, "परवा तं दिसे! आता काऊन नाही दिसत?" बाहेरून आवाज आला, "बाबू, यादी निंगते का आमी जाऊ गेटावर?"

मी चौथी शिकलेली, पण अक्षर तर वाचता येतं. मागे उभी राहून विचारलं, "भाऊजी, मशीन कोणाले धुंडून राहिलं?"

"दादाले."

"अन् इथं काय लिवलं हाय?"

फोल्डरावर होतं, 'कै. दादा'.

"म्याच लावलं," भाऊजी हळूच म्हणाले. "वर्ष झालं ना वहिनी. नियम हाय."

"मंग मशीनले सांगतलं काय?"

भाऊजींनी पडद्यावरच्या 'कै.'वर बोट ठेवलं. माझ्याकडे पाहून म्हणाले, "खोडू?" मी म्हटलं, "खोडा. लोक उभे हायेत." जन्मात पहिल्यांदा त्यांनी कोणाच्या नावापुढचं 'कै.' काढलं असेल, आणि यादी उघडली. अगदी वर तुझ्या काकांनी सांगितलेलं होतं: पाणी कमी असेल त्या वर्षी पहिली पाळी शेवटच्या बांधीची. भाऊजींनी अंगणात जाऊन मोठ्यानं वाचलं. फावडेवाला वरच्या बांधीचा. तो जरा कुरकुरला, मग म्हणाला, "दादा सांगून गेले तं आता काय बोलाव," आणि फावडं खांद्यावर टाकून सगळ्यांच्या मागून गेटाकडे गेला.

दुपारी भाऊजी म्हणाले, "मशीनले नवा पत्ता देता येते वहिनी. दोन मिनिटाचं काम हाय. पुन्हा 'कै.' लावू?" मी म्हटलं, राहू द्या. घरात फोटोखाली, भांड्यांवर, सगळीकडे त्यांनी लावलंच आहे. तेवढ्या एका जागी तुझे काका नुसते दादा आहेत. पाण्याची पाळी संपली, तरी भाऊजी रोज सकाळी एकदा ती यादी उघडतात, उघडली की बंद करतात.

घरी येणाऱ्या पाहुण्यांची वही ठेवतात भाऊजी, तीत तुझ्या नावापुढं 'चि.' लिहून ठेवलंय त्यांनी, येण्याच्या तारखेची जागा कोरी आहे. ये ना बाई लवकर.