लाँच बघायला मुंबईला

धरण झालं तेव्हा तालुक्याला पाणी मिळालं आणि आमच्या घराला अर्जांचा नाद लागला. पूर्वी आईचं माहेर ओढा ओलांडला की घटकाभराच्या वाटेवर होतं. मग मध्ये पाणी पसरलं. सकाळी पल्याडच्या आजीच्या चुलीचा धूर आमच्या अंगणातून दिसायचा, पण तिला भेटायचं तर घोडेगावला एसटी बदलून अर्धा दिवस मोडायचा. धरणाच्या साहेबांनी गावाला लाँच कबूल केली होती. वडील तिच्यासाठी अर्जावर अर्ज करायचे. शेवटी उत्तर आलं, एवढ्या पाण्यात लाँच चालवणं व्यवहार्य नाही.

वडील चिडले नाहीत. अर्जात चिडायला जागा नसते. मुंबईला जाऊन चालती लाँच बघायची आणि पुढच्या अर्जात तसं नमूद करायचं, असं त्यांनी ठरवलं. मे महिन्याच्या सुट्टीत लोकांची पोरं राणीची बाग बघायला गेली, आम्ही पुरावा बघायला गेलो.

भाजी मार्केटात कामाला असलेल्या मामाने आम्हाला खाडीच्या धक्क्यावर नेलं. लाँच लागलेलीच होती. आईने चपला काढून पाण्याला हात जोडले आणि आम्हालाही काढायला लावल्या.

"गंगामाईवरनं जायचं, ते चपला घालून?"

मामा सोडून सगळ्यांच्या चपला धक्क्यावर ओळीने लागल्या. आपल्याला पलीकडे उतरायचंय, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. आमच्याकडे पाण्यात गेलेला माणूस त्याच काठाला परत येतो.

वडिलांनी तिकीटवाल्याला गाठलं. "भाऊ, ही लाँच मिळवायला अर्ज कुणाकडं केला व्हता?"

"अर्ज कसला? तिकीट घ्या आणि बसा."

इतक्या सहज काही मिळतं यावर वडिलांचा विश्वास बसला नाही. लाँचमध्ये मोटारसायकली चढल्या, मासळीच्या पाट्या चढल्या. शेजारच्या माणसाने पेपर उघडून घडी नीट करेपर्यंत पलीकडचा धक्का आला. तिथल्या तापलेल्या सिमेंटवर आम्ही सहकुटुंब नाचलो आणि त्याच लाँचने परत फिरलो. 'प्रवासी अनवाणीही येतात,' अशी नोंद वडिलांनी वहीत केली.

आई मात्र पाण्याकडेच बघत होती. मामाला म्हणाली, "येवढंच पाणी हाय व्हय रं? मंग आपली आई सकाळची येऊन, भाकर खाऊन, दिवस बुडायच्या आत माघारी जाईल की." परत उतरलो तेव्हा चपला धक्क्यावर जागच्या जागी होत्या.

आमची लाँच आली ती खूप वर्षांनी, आजी गेल्याच्या दुसऱ्या वर्षी. मांडव पडला, फीत लागली. वडिलांच्या चिकाटीवर धरणाच्या साहेबांचं भाषण झालं आणि पहिल्या प्रवासाचा मान आईला मिळाला. मला साहेबांचा राग आला, आणि मान डोलवत बसलेल्या वडिलांचाही. आईने काठावर चपला काढल्या, पाण्याला हळदकुंकू वाहिलं आणि चपला परत पायात घातल्या.

"बसा की ताई," साहेब म्हणाले.

"पल्याड कुणाकडं जाऊ?"

साहेबांनी घड्याळात बघितलं. मग वडीलच लाँचमध्ये चढले, सवयीने चपला काठावर सोडून. आईने त्या उचलल्या आणि लाँच माघारी येईपर्यंत मांडीवर घेऊन बसली.