गँगला आवाज देणारा माणूस

माझ्या लहानपणी आमच्या घराला दार नव्हतं. दोन बारदानं शिवून मायनं पडदा केला होता, तेच दार. बाबा तेव्हा मलकापूरच्या एका जिनिंगमध्ये रुईच्या गाठी उचलायचे, तेही हंगामापुरतं. हंगाम संपला की माय मोताळ्याकडं शेतात निंदायला जायची आणि बाबा मिळेल ते काम शोधायचे. बरेचदा मिळायचं नाही. मग ज्वारीच्या कण्या आणि वरून मीठ. अशा दिवशीही बाबा रिकाम्या हातानं यायचे, पडद्याबाहेर थांबायचे आणि तोंडानं म्हणायचे, "टकटक! साहेब घरी हायेत का?"

"साहेब बाहेर उभे हायेत, येड्यावानी," माय आतून म्हणायची. "या आता अंदर."

आम्ही हसायचो. पोटात काही नसताना हसणं फार जड जातं. पण बाबा हसवायचेच.

पुढं ते रेल्वेत गँगमन म्हणून लागले. नांदुऱ्याला क्वार्टर मिळालं. त्यांच्या पगारावर मी शेगावला कॉलेज केलं, बी.ए. झाले. आईकडून बघा की बापाकडून, आमच्यात मी पहिली. हे मी कुठंही मान वर करून सांगते.

गँगचं काम म्हणजे रूळ सरकवणं, गिट्टी ठोकणं. रुळाखाली लोखंडी सब्बल घालायची आणि सगळ्यांनी एकाच वेळी जोर लावायचा. त्यासाठी एकजण आवाज देतो, बाकीचे "हैश्या" म्हणत रेटतात. बाबांच्या गँगमध्ये आवाज बाबांचा. डबा द्यायला गेले की मी ऐकायचे.

"मुकादमाच्या टोपीत!"

"हैश्या!"

"कोंबडी बसली ऐटीत!"

"हैश्या!"

"अंडं देल्लं चकचकीत!"

"हैश्या!"

रूळ जागेवर बसला, सब्बली खाली आल्या, की मग बाबा हळूच म्हणायचे, "अन् थे अंडं नाही बे. मुकादमाचं टकलं हाये!"

सगळे पोट धरून हसायचे. मुकादमही टोपी काढून डोकं पुसत हसायचा. बाबा सांगायचे, गंमत नेहमी वजन ठेवल्यावर टाकायची. आधी कोणी हसलं तर हातातला जोर जातो आणि कोणाचा तरी पाय चेचतो.

रिटायर झाल्यावर स्टेशनसमोरच्या चहाच्या टपरीवर त्यांची बैठक असायची. लग्न असो की मयत, त्यांना बोलावणं पहिलं. मयतीच्या घरीसुद्धा ते रडणाऱ्या बाईला दोन घास खायला लावूनच उठायचे.

मग आवाज बसला. "रेडिओचे सेल उतरले," असं ते टपरीवर सांगत राहिले. काढे झाले, गोळ्या झाल्या. अकोल्याला तपासलं तेव्हा कळलं की गळ्यात कॅन्सर आहे. नागपूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल, तर माणूस वाचेल.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बाबा त्या बसक्या आवाजात वॉर्डभर बोलत फिरले. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला हसवलं, सिस्टरला हसवलं. मी पायाशी बसून वाट बघत होते. मला वाटलं, आता मला काहीतरी सांगतील. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "तोंड काऊन सुकलं वो तुयं? जा, काही खाऊन ये."

त्यांच्या स्वतःच्या आवाजात मी ऐकलेलं ते शेवटचं.

घरी आणल्यावर लोक भेटायला आले. बाबांच्या गळ्याला श्वासासाठी भोक होतं, त्यावर मलमलचा रुमाल. ते हातवारे करून गोष्ट सांगायला लागले. कोंबडी दाखवली, टोपी दाखवली. पण गोष्ट अर्ध्यावर असतानाच लोक हसायला लागले. प्रेमानंच हसले. त्यांना वाटलं, हसलं नाही तर याला वाईट वाटेल. बाबांचे हात हवेतच थांबले. त्यांनी सगळ्यांच्या तोंडाकडं एकदा बघितलं आणि हात मांडीवर ठेवून दिले. त्यानंतर त्यांनी कोणालाही गोष्ट सांगितली नाही. टपरीवर जाणंही सोडलं.

नागपूरच्या दवाखान्यात बोलायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांची पद्धत अशी, की हवा गिळायची आणि ढेकर देतो तशी वर आणताना तिच्यावर शब्द चढवायचा. प, क, ट ही अक्षरं आधी जमतात, मग बाकीची. बाबा रोज सकाळी अंगणात बाजेवर बसायचे. हवा गिळायची, तोंड वासायचं, शब्द नाही. घाम यायचा, डोळ्यातून पाणी यायचं. बाजेच्या लाकडावर मूठ आपटायचे.

"राहू द्या ना आता," माय म्हणायची. "मले समजते ना तुमचं."

ते मान हलवायचे. मायला कळायचं ते भाकरी, औषध, दुखणं. तेवढ्यासाठी बाबांना आवाज नको होता.

पुढं मानेवर गाठ आली. बाबांना बाहेर बसवून डॉक्टर माझ्याशी इंग्रजीत बोलले. मी शिकलेली, म्हणून मला सगळं कळलं. माय माझी बाही ओढत होती, "काय म्हणतेत वो डॉक्टर?" मला तिला मराठीत सांगता येईना.

घरी आल्यावर मायनं बाबांना सांगितलं, "पुन्हा नागपूरले जा लागते."

बाबांनी हवा गिळली. मानेच्या शिरा ताणल्या. आणि पोटातून, ओल्या मातीत पाय रुतावा तसा शब्द आला, "काऊन?"

इतक्या दिवसांनी ते बोलले, आणि विचारलं ते 'का?' एवढंच. माय आत निघून गेली.

बाजेवर उठून बसता येत होतं तोवर त्यांनी सराव सोडला नाही; त्यातून पुढं 'पाणी'ही म्हणता आलं. मग तेही जमेना. गेले तेव्हा नांदुऱ्याच्या स्टेशनपासून आमच्या घरापर्यंत माणसं उभी होती.

त्या सगळ्या मेहनतीतून बाबांना दोन शब्द बोलता आले, पाणी आणि काऊन. पाणी कोणालाही कळायचं. काऊन कशाचं, ते फक्त आम्हा दोघींना.