दर्यासाठी वडूजचा नारळ
रस्त्यावर डांबर ओतलं की मला गलबताच्या डांबरानं माखलेल्या नवऱ्याच्या कपड्यांचा वास आठवतो. दुसऱ्या महायुद्धात सरकारनं लढाईसाठी आगबोटी घेतल्या, म्हणून मलबारची कौलं जुन्या शिडाच्या गलबतातून यायची आणि आमच्या कोरड्या वडूजचा माझा नवरा त्यावर खलाशी होता. पाणबुड्या गलबतंही बुडवतात असं कानावर आलं, त्या वर्षी नारळी पौर्णिमेआधी तो निघाला तेव्हा सासूनं त्याच्या गाठोड्यात नारळ कोंबला. म्हणाली, "दर्याला दे." तो हसला, "आये, तिकडं नारळाला तोटा हाय व्हय?" सासू म्हणाली, "तू कुणाचा, हे तिकडच्या नारळाला काय ठावं?" वैशाखात तो परत आला. सासू त्याचा हात धरून बसली. मलाही धरायचा होता, पण माणसांदेखत नवऱ्याचा हात धरायची रीत नव्हती. आता अडवायला कुणी नाही आणि तोही नाही.