किल्ट जमा केल्यावर

रायपूर राजधानी झालं आणि आमच्या पोलीस बँडला परेडसाठी किल्ट मिळाले. चौकड्यांचा, मागे चुण्या असलेला, गुडघ्यापर्यंतचा लोकरी घागराच तो! आमच्या बुढापारा मोहल्ल्यातले पोट्टे खिदळायचे. पण तो कमरेला आवळला, बॅगपाइपची पिशवी काखेत धरली, की माझी पाठ आपोआप ताठ व्हायची. साहेबासमोरही मान खाली जात नसे. पँट चढवली की मी पुन्हा तोच, रेशनच्या रांगेत कोणीही मागे ढकलावा असा. तरी मी मूर्ख, समजत होतो की तो ताठपणा माझा आहे.

रिटायर झालो त्या दिवशी किल्ट स्टोअरमध्ये जमा केला.

पुढे मुलीचं लग्न आलं. समता कॉलनीतल्या हॉलच्या दारात मी मुलीचा बाप म्हणून हात जोडून उभा होतो. वरातीपुढे भाड्याचा पाइप बँड होता, तसेच चौकड्यांचे किल्ट घातलेला. पुढचा माणूस भिकार वाजवत होता. पण चालत होता काय ऐटीत! लोक बाजूला सरून त्याला वाट देत होते. त्याच्याकडे बघता बघता माझ्या टाचा जुळल्या, जोडलेले हात सुटले, छाती पुढे आली.

बायकोनं कोपर मारलं. “काहून असे उभे राहिले हो? व्याही येऊन राहिले, वाका ना जरा.”

मी वाकलो. जराही जड गेलं नाही, आणि तेच आता मरेपर्यंत छळणार.