काचेवरच्या तारा

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी साताऱ्यातल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होते आणि पीएचडीसाठी काचेच्या पट्टीवर केसाहून बारीक तांब्याच्या तारा उमटवत होते. लेझरने थंड करून जवळपास थांबवलेले अणू अशा तारेच्या चुंबकीय क्षेत्रात अधांतरी धरता येतात. एका तारेतला प्रवाह कमी करून शेजारच्या तारेत वाढवला की ते पुढे सरकतात. लेझर आणि निर्वात पात्र पुण्याला, माझ्या मार्गदर्शक सरांच्या प्रयोगशाळेत. माझ्या वाट्याला फक्त तारा.

प्रवाह जरा वाढवला की तार जळायची. काच उष्णता धरून ठेवते. उष्णता वाहून नेणारी सिलिकॉनची चकती हवी होती, ती अर्ज करूनही मिळत नव्हती. त्यात तांब्याचा थर चढत असतानाच लाइट जायची आणि सगळं पहिल्यापासून.

अशाच एका दुपारी कोरेगावहून वडील आले. फौजेतून निवृत्त झालेले, आता ऊस बघणारे.

"काय करतीस गं एवढं?"

"अणू पकडायचा सापळा, आबा."

"दिसतो व्हय त्यो?"

"लाखोंनी असले की ठिपका दिसतो."

"मग धरून काय करायचं त्याचं?"

उत्तर माझ्याकडे होतं, पण नुकतीच एक पट्टी जळाली होती. "आधी धरू तर दे," मी म्हटलं. आबा आणलेली भाजीची पिशवी टेबलाखाली सरकवून एसटी स्टँडकडे निघाले.

शेवटी एक पट्टी टिकली. डब्यात घालून, मांडीवर धरून मी ती पुण्याला नेली. निर्वात पात्रात बसवली, पंप सुरू केला, पण आतला दाब हवा तितका उतरेना. पट्टी चिकटवलेला गोंद वायू सोडत होता.

"हा गोंद कुणी सांगितला?" सरांनी विचारलं.

"तुम्हीच, सर."

त्यांनी पंप बंद केला. "काढावी लागेल."

पुढच्या महिन्यात पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या माझ्या एका सहकाऱ्याने पात्राबाहेर जाड तारेची साधी वेटोळी लावून अणू धरले. सरांनी मला मुद्दाम बोलावून पडद्यावर तो ठिपका दाखवला. सगळ्यांनी पेढे खाल्ले, मीही खाल्ला. ठिपका एका जागी होता. त्याला पुढे न्यायला माझ्याच तारा लागणार होत्या, हे तिथे कुणी बोललं नाही. मीही नाही. परतीच्या एसटीत खंबाटकी घाट येईपर्यंत माझा राग गेला नव्हता.

सोमवारी कॉलेजात गेल्यावर मी सिलिकॉनच्या चकतीसाठी पुन्हा अर्ज केला.