सातवी सही

कुजबुज करणाऱ्यांची एक गंमत असते. आजूबाजूला चारदा बघतील, वर म्हणून कुणी बघणार नाही. त्यामुळे लोखंडाच्या त्या कारखान्यात अख्ख्या शेडची अंडीपिल्ली क्रेनवालीला ठाऊक. कुणाची सोयरीक मोडली, कोण साहेबाच्या पुढंपुढं करतो, सगळं. जेवणाच्या सुट्टीत शिडी उतरून परत कोण चढणार, म्हणून ती वर केबिनमध्येच डबा उघडायची आणि कान खाली सोडायची.

ती खुर्ची तिला कुणी ओंजळीत आणून दिली नव्हती. नवरा त्याच शेडमध्ये, क्रेनवरून सुटलेल्या गर्डरखाली गेला. त्याच्या जागी बाई म्हटल्यावर साहेबांच्या आधी कामगारांनीच नाकं मुरडली. ती चाळीस दिवस गेटवर बसली, तेव्हा क्रेनवर काम मिळालं. पुढं युनियनच्या सात जणांच्या कमिटीतही गेली.

युनियन म्हणजे जुना पक्ष, हे तिथं बापजाद्यांपासून ठरलेलं. पण यंदाच्या निवडणुकीत नव्या पक्षाचा उमेदवार सांगत फिरत होता, "पुरुषाला काम, बाईला घर, तरच संसार सावरेल!" आणि जुन्या पक्षासाठी घसा फोडणारेच मुंड्या हलवू लागले होते.

त्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत युनियनच्या सेक्रेटरीनं, म्हणजे तिच्याच सख्ख्या धाकट्या दिरानं, कमिटीतल्या बाकीच्या पाच जणांना नेमकं क्रेनखाली गोळा केलं.

"नव्या पक्षाला पाठिंबा. करा सह्या. सातही लागतात, नियमच आहे. उमेदवार गेटवर थांबलाय."

"आणि वहिनींचं काय?" वेल्डरनं विचारलं. "त्यांचं काम जाईल की."

"कँटीनमध्ये लावू कुठंतरी. तिची सही मी घरी घेतो. चहा पिता पिता कागद पुढं सरकवायचा. ती कुठं वाचत बसते?"

म्हातारा फिटर तर पोट धरून हसला. कागद हातोहात फिरला, सह्या झाल्या.

वर तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं भोंगा दाबला. भोंगा झाला की क्रेनखालून सगळ्यांनी हटायचं, हा नियम तिच्या नवऱ्याच्या मरणानंतर युनियननंच भांडून आणलेला. सहाही पुढारी वाट फुटेल तिकडं पळाले. सेक्रेटरीचा पाय फिटरच्या डब्यात.

ती खाली उतरली.

"वहिनी, घरचं भांडण इथं नको!"

"घरचं? म्हणून सही घरी घेणार होतात होय, भाऊजी?"

"अगं पोरी," फिटर मध्ये पडला, "आमचा पाठिंबा पक्षाला. तुझ्याविरुद्ध थोडाच आहे?"

"मग कुणाविरुद्ध, काका? क्रेनविरुद्ध? तुमच्या बोनससाठी गेटवर घसा कुणाचा बसला होता? तेव्हा नाही आठवलं बाईला घर असतं म्हणून?"

फिटर डब्याचा पोचा चाचपत राहिला. तिनं दिराच्या हातातला कागद ओढला. सहा सह्या झालेल्या. त्यांच्याखाली तिनं ठळक अक्षरांत लिहिलं, 'मला वाचता येतं. मी विरोधात.' आणि सही ठोकून कागद परत त्याच्या हातात कोंबला.

"दुसरा लिहीन!" दीर करवादला.

"दहा लिहा. सातवी सही वर केबिनमध्ये असते. हिंमत असेल तर या न्यायला."

ती तरातरा शिडी चढून गेली. गेटवर उमेदवाराच्या गाडीचा हॉर्न वाजायला लागला.

"जा की रे," फिटर सेक्रेटरीला म्हणाला. "तुझी वहिनी आहे."

"तुम्ही जा काका. तुम्हाला मानते ती."

वेल्डरनं दोघांकडं बघितलं, खिशातलं पेन काढलं आणि कागदावरची आपली सही खोडली.

"आता दोन आणा," तो म्हणाला.