अर्ध्या माणसांची मोजदाद

सरकाकाकांचं खरं नाव गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. चौतीस वर्षं शहराच्या बसमध्ये कंडक्टर म्हणून उभं राहून त्यांनी "पुढे सरका, पुढे सरका" हे एकच वाक्य इतक्या वेळा म्हटलं, की निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी तेच त्यांना नाव म्हणून चिकटून राहिलं. दवाखान्यात रांग लागली की अजूनही त्यांच्या तोंडून ते निघायचं. गंमत म्हणजे लोक सरकायचेही.

माणसं मोजणं त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. कुठल्याही खोलीत शिरले की नजर एकदा डावीकडून उजवीकडे फिरायची आणि आकडा तयार. घरी पाहुणे यायचे असले की काकू स्वयंपाकघरातून विचारायच्या, "अहो, किती जण?"

"साडेसहा."

काकू निमूटपणे त्या मापाने तांदूळ घ्यायच्या. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर त्यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं. वावगं वाटायचं ते मुलाच्या सहा वर्षांच्या लेकीला, म्हणजे पिटुकलीला. "आजोबा, मी अर्धी नाहीये! मला दोन पाय आहेत!"

"बारा वर्षांची हो, मग पूर्ण," आजोबा सांगायचे. "नियम आहे."

त्यांची स्वतःची लेक मात्र कधीच पूर्ण होऊन घराबाहेर पडली होती. गवताचं शास्त्र शिकली आणि आठ वर्षं दूरच्या शहरांमध्ये लोकांची मैदानं हिरवी करत हिंडली. काकू तिला "गवताची डॉक्टरीण" म्हणायच्या आणि रोज सकाळी प्रार्थनेच्या शेवटी देवाला आठवण करून द्यायच्या, की गवत इथेही उगवतं. देवाने ऐकायला आठ वर्षं लावली, पण ऐकलं. शहरात व्यावसायिक फुटबॉल क्लब काढायचा घाट घातला गेला, बस डेपोमागचं जुनं मैदान त्याला मिळालं, आणि त्या मैदानाला डॉक्टर हवी म्हणून लेक घरी आली. तिच्या चिखलाच्या बुटांचे ठसे दारापासून न्हाणीघरापर्यंत उमटायचे. एरवी चिखलाचा ठिपका खपवून न घेणाऱ्या काकू ते ठसे पुसताना गुणगुणायच्या.  सरकाकाका संध्याकाळी बूट दारात दिसले की मनातल्या मनात मोजायचे, घरात तीन माणसं. मग मुलगा, सून आणि पिटुकली धरून साडेपाच.

पण क्लब अजून पक्का झाला नव्हता. स्पर्धा चालवणाऱ्या संघटनेचं म्हणणं, मैदान आहे, खेळाडू आहेत, पण या शहराला फुटबॉल हवा आहे का? एक सामना फुकट ठेवा. आठ हजार माणसं आली तर क्लब तुमचा. नाही आली तर बंदराचं शहर क्लब घ्यायला टपूनच बसलं आहे. आणि क्लब तिकडे गेला, तर गवताची डॉक्टरीणही तिकडे जाणार.

"आठ हजार?" कोपऱ्यावरचा न्हावी वस्तरा हवेत धरून म्हणाला. "काका, आपल्या गावात फुकट सिनेमालासुद्धा लोक मध्यंतरानंतर जातात. मागे सर्कस आली, तेव्हा हत्तीच कंटाळून आपल्याला बघत बसला होता."

"तू येशील का?" काकांनी विचारलं.

"मी? मी येईन हो. दुकान बंद ठेवून येईन. पण बाकीचे नाही यायचे."

काकांनी त्या आठवड्यात हाच प्रश्न बऱ्याच जणांना विचारला. वाणी, शिंपी, पोस्टातली बाई. सगळ्यांचं उत्तर एकच, मी येईन, पण बाकीच्यांचा भरवसा नाही.

माणसं मोजायचा प्रश्न आला तेव्हा डेपोच्या साहेबांनी संघटनेच्या बाईंना सरकाकाकांचं नाव सुचवलं. काका भेटल्या भेटल्याच म्हणाले, "बाई, आधीच सांगतो, माझी लेक याच क्लबात आहे. दुसरं कुणी बघा."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "सख्ख्या मेव्हण्याला विनातिकीट पकडून दंड करणारे तुम्हीच ना?"

"तो दोनदा सापडला होता," काका खाली मान घालून म्हणाले. त्या दंडापायी मेव्हणा चार वर्षं घरी आला नव्हता.

"मग तुम्हीच मोजा. माझ्यासाठी फक्त पुरावा जपून ठेवा. मी स्वतः तपासणार."

मैदानाला पाच फाटकं. काकांनी आणखी चार निवृत्त कंडक्टर गोळा केले. काकूंनी जुन्या कॅलेंडरची जाड पानं कापून पट्ट्या केल्या. तिकिटाला भोक पाडायचे ते जुने चिमटे पाचही जणांनी ट्रंकेतून काढले, तेल घातलं. आत जाणाऱ्या प्रत्येकामागे पट्टीवर एक टोचा. यंत्र बिघडतं, डोकं चुकतं, भोक मात्र कुणाला बुजवता येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

सामन्याच्या दुपारी पाचही म्हातारे जुना गणवेश इस्त्री करून फाटकांवर उभे राहिले. पहिली पंधरा मिनिटं फक्त एक कुत्रं आत गेलं. क्लबच्या मॅनेजरची पाचावर धारण बसली. हा गोलमटोल तरुण हिवाळ्यातही घामाने भिजायचा, आज तर पाझरतच होता. आणि मग डेपोच्या वळणावरून माणसं यायला लागली. न्हावी आला, तो दुकानातल्या अर्धवट कापलेल्या गिऱ्हाइकाला घेऊनच. शिंपी आला. पोस्टातली बाई नणंदेसकट आली. शाळेच्या शाळा रांगेने आल्या. पिटुकलीही आपल्या वर्गाबरोबर आली आणि आजोबांना ओळख न दाखवता ऐटीत आत गेली. काकांचा चिमटा कटाकट वाजत होता आणि तोंड चालू होतं, "पुढे सरका, आत भरपूर जागा आहे, दारात उभं राहू नका!" लोक हसत होते आणि सरकत होते.

सामना काकांनी पाहिलाच नाही. पूर्ण वेळ मैदानाकडे पाठ. एकदा मागून एवढा मोठा गलका उठला की फाटकाची साखळी थरथरली. गोल झाला असणार. त्यांना मात्र नुसत्या आवाजावरून वाटलं, आठ हजार. नक्की आठ हजार.

संध्याकाळी क्लबच्या कचेरीत पाच जणांनी आपापले आकडे मांडले. काकांनी बेरीज केली. पुन्हा केली. खालून वर केली.

"सात हजार चारशे साडेएकतीस."

मॅनेजर खुर्चीत बसला तो बसलाच. मग हळूच म्हणाला, "काका... साडेपाचशेचाच तर प्रश्न आहे. एवढ्या गर्दीत थोडं मागे-पुढे..."

"माझ्या बसमध्ये विनातिकीट माणूस कधी बसला नाही," काका म्हणाले, "आता न आलेला माणूस कसा बसवू?"

आवाज करडा होता, पण चिमटा त्यांनी रुमालात दोनदा गुंडाळून पिशवीत ठेवला. दारात लेक उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "बाबांचं बरोबर आहे," एवढंच ती म्हणाली, आणि आठ हजारांना पाचशे साडेअडुसष्ट कमी अशा लोकांनी काठाकाठाने तुडवलेल्या गवताला पाणी घालायला गेली. घरी आल्यावर तिने माळ्यावरून सूटकेस खाली काढली. काकांनी ती पाहिली आणि पाहिली नाही असं केलं.

सकाळी काकूंची प्रार्थना जरा लांबली. त्या देवाशी भांडत नसत, पण आज त्यांनी दोन गोष्टी स्पष्ट विचारल्या. मग उठून त्या पट्ट्या बांधायला बसल्या, कारण दहा वाजता बाई पुरावा बघणार होत्या. पिटुकली शेजारी फतकल मारून बसली.

"आजोबा, यातलं माझं भोक कुठलं?"

काकांनी मन रमवायला म्हणून आपली पट्टी उचलली. "असं बघ. मोठ्यांचं मधोमध, पूर्ण गोल. मुलांचं कडेला. हे, चंद्रकोरीसारखं. हे तुझं."

"माझं अर्धंच का?"

"अर्धं तिकीट, अर्धं भोक. दोन मिळून एक."

काकूंचा दोरा हातातच राहिला. "अहो, काल ही सगळीच्या सगळी आत गेली ना? का अर्धी फाटकाबाहेर राहिली?"

"अगं, तिकीट अर्धं म्हणजे..."

"तिकीट होतं कुठे काल? फुकट होता ना खेळ?"

काकांनी पट्टी खाली ठेवली. 

"बाईंनी तिकिटं मागितली का माणसं?" काकू म्हणाल्या. "बसचं मला माहीत नाही, पण देवाच्या दारात कधी अर्धं माणूस पाहिलंय मी? साडेएकतीस म्हणे! तो अर्धा कोण होता, कमरेपासून वरचा का खालचा? काल पाच-पाच शहाण्यांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही!"

काकांनी फोन उचलला. "अरे, काल पोरांना किती धरलंस तू?"

पलीकडचा कंडक्टर चक्क दुखावला. "किती म्हणजे? अर्धं! एवढी वर्षं काय झक मारली का मी?"

दुसरा तेच म्हणाला. तिसरा, चौथा, तेच. पाच म्हातारे, पाच फाटकं, एकमेकांना एका शब्दाने न विचारता सगळ्यांनी एकच चूक केली होती, आणि तीही अत्यंत प्रामाणिकपणे. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

जमिनीवर पट्ट्या पसरल्या. लेक गुडघ्यांवर बसली, काकू चष्मा लावून बसल्या, आणि चंद्रकोरी मोजणं सुरू झालं. बाराशे तीन. काकांनी डोळे मिटून गणित केलं. पूर्ण भोकं सहा हजार आठशे तीस, अधिक बाराशे तीन.

"आठ हजार तेहतीस," ते पुटपुटले, आणि आयुष्यात पहिल्यांदा आपल्या आकड्यावर त्यांचाच विश्वास बसेना.

बाई दहाला आल्या तेव्हा काका उभेच होते. "बाई, आधी चूक कबूल करतो," म्हणून त्यांनी सगळं सांगितलं. कान लाल झाले होते. बाईंनी दोन फाटकांच्या पट्ट्या स्वतः मोजल्या. मग एक पट्टी खिडकीशी उजेडात धरली. कडेला ओळीने चंद्रकोरी चमकत होत्या.

"आणि कडेवरची मुलं?" त्यांनी विचारलं. "ती कुठे टोचली आहेत?"

काका गोंधळले. "तीन वर्षांखालची? ती... बाई, ती आम्ही मोजलीच नाहीत. ती फुकट असतात."

बाईंना इतकं हसू आलं की त्यांना चष्मा काढावा लागला. वहीत त्यांनी लिहिलं, आठ हजार तेहतीस, आणि पुढे एक शब्द जोडला, 'किमान'. मॅनेजर बातमी ऐकून काकांना मिठी मारायला धावला. काका एक पाऊल मागे सरकले, कारण तो नखशिखान्त भिजलेला होता, पण सुटले नाहीत.

न्हावी म्हणाला, "मी तर पहिल्यापासून सांगत होतो, लोक येणार म्हणून."

सूटकेस परत माळ्यावर गेली. ती चढवायला काकांना कुणी सांगितलं नव्हतं. शिडी त्यांनी स्वतःच आणली.

त्या दिवशी रात्रीच्या जेवणाला सगळे होते. मेव्हण्यालाही बोलावलं होतं, आणि तो येताना रिकाम्या बसमध्ये दोन तिकिटं काढून आला होता, एक स्वतःचं आणि एक दाखवायला. काकूंनी सवयीने आतून विचारलं, "अहो, किती जण?"

काकांची नजर डावीकडून उजवीकडे फिरली. पिटुकली पाटावर ताठ बसून त्यांच्याकडेच रोखून बघत होती.

"सात," ते म्हणाले.

"साडेसहा ना?"

"सात म्हटलं ना!" काका गरजले. "आणि जरा पुढे सरका, तिला नीट बसू द्या."